विजेच्या मोटारीचे दुसरे इंधन

विजेवर चालणारी मोटार घेतलेल्या माणसाला भेटणारा प्रत्येक जण प्रथम एकच प्रश्न विचारतो : "एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते?" आणि त्यामागोमाग दुसरा : "किलोमीटरला खर्च किती येतो?" प्रस्तुत लेखकाने २०२२ च्या आरंभी कर्ज काढून अशी मोटार घेतली, तेव्हापासून प्राध्यापकांच्या खोलीत, बँकेत आणि लग्नमंडपात ही प्रश्नोत्तरे इतक्या वेळा झाली, की उत्तरे तोंडपाठ होऊन गेली. "किलोमीटरला दीड रुपया" हे उत्तर ऐकून पेट्रोलची गाडी बाळगणाऱ्या मित्राचा चेहरा उतरला, की मनातल्या मनात थोडे बरेही वाटे. हे उत्तर खोटे नव्हते. पण ते अपुरे होते. ते किती अपुरे होते, हे कळण्यास अडीच वर्षे आणि पावसाळ्यातील एक सकाळ खर्ची पडली.

कोल्हापूरहून इचलकरंजीस महाविद्यालयात जाऊन येण्यास रोज सुमारे साठ किलोमीटर पडतात. २०२४ च्या जुलैत एका सकाळी झिमझिम पाऊस होता आणि रस्त्यावर शेतातला चिखल आलेला होता. एक शाळकरी मुलगी सायकलवरून अचानक आडवी आली. वेग फार नव्हता. ब्रेक दाबला, पायाखाली ती परिचित थरथर जाणवली. परंतु गाडी जेथे थांबावयास हवी होती तेथे थांबली नाही. ती पुढे सरकत गेली आणि सायकलीच्या चाकापासून हातभर अंतरावर उभी राहिली. मुलगी एकदा वळून पाहून निघून गेली. खाली उतरून पाहिले तेव्हा पुढच्या दोन्ही टायरांच्या खाचा जवळजवळ झिजून गेल्या होत्या. गाडी तोवर ३४ हजार किलोमीटर चालली होती. पूर्वीच्या पेट्रोलच्या गाडीचे टायर ४५ हजारांपर्यंत टिकले होते, म्हणून याही वेळी टायरांकडे पाहण्याची गरज वाटली नव्हती. दोष सर्वस्वी लेखकाचा होता. तथापि हा दोष केवळ एका माणसाच्या निष्काळजीपणाचा नाही, हे पुढे टायरच्या दुकानात आणि त्यानंतर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडताना ध्यानात आले. त्या हिशेबासाठीच हा लेख आहे.

झीज अधिक का?

विजेच्या मोटारीचे टायर लवकर झिजतात याची कारणे साधी आहेत. बॅटरीच्या वजनामुळे अशी गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोलच्या गाडीहून बरीच जड असते. विजेची मोटर पायडल दाबताक्षणीच आपली संपूर्ण पीळशक्ती चाकांना देते. इंजिनाला गती घेण्यास जो वेळ लागतो तो तिला लागत नाही. शिवाय वेग कमी होताना हीच मोटर जनित्र बनून बॅटरीत वीज परत भरते. या सोयीने ब्रेकचे पॅड वाचतात. पण वेग वाढविण्याचा आणि कमी करण्याचा असा दुहेरी ताण मोटर ज्या चाकांना जोडलेली असते त्याच चाकांच्या टायरांवर पडतो. नेहमीचे टायर विजेच्या गाडीवर वीस ते तीस टक्के लवकर झिजू शकतात, असे टायर बनविणाऱ्या काही मोठ्या कंपन्यांनीच सांगितले आहे.

परंतु याहून महत्त्वाचे कारण यांत्रिक नसून आर्थिक आहे. टायर रस्त्यावरून फिरताना त्याचे रबर क्षणोक्षणी दबते आणि पुन्हा पूर्ववत होते, व या क्रियेत काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. यालाच तंत्रज्ञ 'रोलिंग रेझिस्टन्स' म्हणतात. आपण येथे त्यास चाकाचा रोध म्हणू. रोध जितका कमी तितकी गाडी एका चार्जिंगमध्ये लांब जाते. टायरच्या रचनाकारापुढे नेहमी तीन मागण्या उभ्या असतात : रोध कमी असावा, ओल्या रस्त्यावर पकड चांगली असावी आणि टायर दीर्घकाळ टिकावा. या तिन्ही मागण्या एकमेकींशी भांडतात. रबराच्या मिश्रणात काजळीऐवजी सिलिका वापरून, म्हणजे १९९० नंतरच्या दशकात रूढ झालेल्या तंत्राने, हे भांडण बरेच सौम्य झाले. ते मिटलेले मात्र नाही. खाचांची खोली कमी ठेवली तर रोध घटतो, पण आयुष्यही घटते. त्यामुळे प्रत्येक टायर ही एक तडजोड असते. प्रश्न एवढाच, की ती तडजोड कोणाच्या हितासाठी केलेली असते?

दोन गिऱ्हाइके

टायरच्या व्यापारात दोन प्रकारची गिऱ्हाइके असतात. पहिले गिऱ्हाईक मोटार बनविणारी कंपनी. ती लाखोंच्या संख्येने टायर घेते, भाव पाडून घेते, आणि मुख्य म्हणजे तो कसा असावा हे स्वतः ठरविते. दुसरे गिऱ्हाईक आपण. दोन-अडीच वर्षांतून एकदा दुकानात जाऊन चार टायर घेणारे.

आता पहिल्या गिऱ्हाइकाची दृष्टी पाहा. विजेची मोटार विकली जाते ती प्रामुख्याने एका आकड्यावर; एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, या आकड्यावर. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय या संस्थेसारख्या चाचणी संस्थांमध्ये ठरावीक पद्धतीने तो प्रमाणित केला जातो. हा आकडा वाढविण्याचा एक मार्ग म्हणजे मोठी बॅटरी बसविणे. तो अत्यंत महाग आहे. दुसरा मार्ग म्हणजे कमी रोधाचे टायर बसविणे. तो त्या मानाने फारच स्वस्त आहे. तेव्हा कारखान्यातून येणाऱ्या टायरमध्ये रोध कमी करण्यास प्राधान्य मिळावे, यात कपट काही नाही. कंपनी आपल्या हिताप्रमाणे वागते. मात्र ते टायर झिजल्यावर नवे घेण्याचा खर्च कंपनीवर पडत नाही, तो आपल्यावर पडतो. एकाने निवड करावयाची आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजावयाची, अशी ही व्यवस्था आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही हे तत्त्व जमीनदार व कूळ, किंवा भागधारक व व्यवस्थापक यांची उदाहरणे देऊन शिकवितो. ते आपल्याच गाडीखाली चार ठिकाणी बसविलेले आहे, हे लक्षात यावयास मात्र वेळ लागला.

हिशेब

आता हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी आपापले आकडे घालून पाहावेत. पेट्रोलचा भाव लिटरला १०५ रुपये आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर धावते असे धरले, तर इंधनाचा खर्च किलोमीटरला ७ रुपये येतो. टायरांचा संच ३६ हजार रुपयांचा आणि आयुष्य ४५ हजार किलोमीटर धरले, तर टायरचा खर्च किलोमीटरला ८० पैसे. म्हणजे इंधन आणि टायर मिळून होणाऱ्या खर्चात टायरचा वाटा जेमतेम दहा टक्के. त्याकडे दुर्लक्ष झाले तर नवल नाही.

विजेच्या गाडीत किलोमीटरला ०.१५ युनिट आणि युनिटला १० रुपये धरले, तर विजेचा खर्च दीड रुपया. तोच ३६ हजारांचा संच ३६ हजार किलोमीटर टिकला, तर टायरचा खर्च किलोमीटरला एक रुपया. एकूण अडीच रुपयांपैकी एक रुपया, म्हणजे चाळीस टक्के! इंधनाचा खर्च घटला तसे टायरचे स्थान बदलले. ज्याला आपण किरकोळ दुरुस्तीच्या खात्यात टाकीत होतो तो टायर आता विजेच्या मोटारीचे दुसरे इंधन बनला आहे. फरक एवढाच, की पहिले इंधन आपण रोज थोडे थोडे विकत घेतो, आणि दुसऱ्याचे अडीच वर्षांचे बिल एकाच दिवशी हातात पडते.

याचा अर्थ विजेची मोटार महाग पडते असा मुळीच नव्हे. पेट्रोलचे पावणेआठ रुपये आणि विजेचे अडीच रुपये यांतील अंतर अजूनही मोठे आहे. परंतु अर्धवट हिशेबावर विसंबून राहिलेल्या पगारदार कुटुंबाला ज्या महिन्यात ३६ हजारांचा खर्च अकस्मात सामोरा येतो, त्या महिन्यात ते काय करते, हा खरा प्रश्न आहे. ते "आणखी एक पावसाळा काढू" असे म्हणते. किंवा चारांऐवजी दोनच टायर बदलते. किंवा मापात बसणारा स्वस्त टायर, तो पेलावयाचे वजन न पाहता, बसवून घेते. अशा बचतीची किंमत कधीकधी सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलीला मोजावी लागते.

कमी रोध की दीर्घ आयुष्य?

दुकानात गेल्यावर निवड कशी करावी? समजा, 'अ' हा टायर कारखान्यातल्यासारखाच आहे. त्याचा रोध टनाला ७ किलो आणि आयुष्य ३६ हजार किलोमीटर. 'ब' या टायरचा रोध टनाला ९ किलो, पण आयुष्य ५० हजार. किंमत दोहोंची सारखीच. माणसांसह गाडीचे वजन १६०० किलो धरले, तर 'ब' टायरमुळे दर किलोमीटरला बॅटरीतून सुमारे १० वॉट-तास अधिक खर्च होतील. घरच्या जोडणीवर, चार्जिंगमधील गळती धरून, हा बोजा किलोमीटरला सुमारे ११ पैशांचा. उलट टायरचा खर्च एक रुपयावरून ७२ पैशांवर येईल. म्हणजे २८ पैशांची बचत. निव्वळ फायदा १७ पैसे. ५० हजार किलोमीटरमध्ये ही रक्कम साडेआठ हजार रुपयांपर्यंत जाते.

अर्थात 'ब' घेणाऱ्याची गाडी एका चार्जिंगमध्ये २५० ऐवजी साधारण २३३ किलोमीटर जाईल. रोज साठ किलोमीटर जाऊन रात्री घरी परतणाऱ्या शिक्षकाला या १७ किलोमीटरांचे मोल शून्य आहे. दर आठवड्यास मुंबईस जाणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र ते मोठे असू शकेल. तात्पर्य, सर्वांसाठी एकच उत्तम टायर अस्तित्वात नाही. कारखान्याने सर्वांच्या वतीने एक निवड केलेली असते. टायर बदलण्याचा दिवस हा ती निवड आपल्या हाती येण्याचा पहिला दिवस असतो.

या हिशेबात एक तिसरी बाब मुद्दामच धरलेली नाही. ती म्हणजे ओल्या रस्त्यावरील पकड. ती पैशांत मांडता येत नाही आणि मांडूही नये. आयुष्य वाढविण्यासाठी पकडीचा बळी दिलेला टायर स्वस्त असला तरी सोडून द्यावा. महाराष्ट्रातील चार महिन्यांच्या पावसाळ्यात हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर असला पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नवे टायर बसविल्यावर पहिल्याच आठवड्यात गाडी कमी पळू लागल्याचे अनेकांना जाणवते आणि दुकानदाराने फसविले अशी शंका येते. प्रस्तुत लेखकालाही ती आली होती. वस्तुतः टायर जसजसा झिजतो तसतसा त्याचा रोध कमी होत जातो. जुन्या, झिजलेल्या टायराशी नव्याची तुलना करणेच अन्यायाचे आहे. शिवाय झिजलेल्या टायरचा घेर लहान झालेला असतो. सहा मिलिमीटर झीज झाली की सव्वीस इंच व्यासाच्या चाकात सुमारे दोन टक्क्यांचा फरक पडतो आणि मीटर तेवढे किलोमीटर जास्त दाखविते. म्हणजे हरवलेल्या किलोमीटरांपैकी काही मुळात धावलेलेच नव्हते.

आंधळा बाजार

एवढा हिशेब मांडण्यास लागणारे आकडे दुकानात मिळतात काय? येथेच खरी अडचण आहे. दुकानदाराला रोध विचारला तर तो "साहेब, हा एकदम फ्री पळतो" असे सांगतो. पकड विचारली तर "कंपनीचा माल आहे" असे सांगतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यालाही कोणी सांगितलेले नसते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की जेथे विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो आणि ग्राहकाला तो ओळखता येत नाही, तेथे चांगल्या मालाला त्याची किंमत मिळत नाही व निकृष्ट माल त्यास बाजाराबाहेर ढकलतो. या विवेचनासाठी पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. टायरच्या बाजारात दिसते ती किंमत आणि नाव. ज्यावर आपला पैसा आणि जीव अवलंबून असतो ते तीनही गुण अदृश्य असतात.

युरोपीय संघात २०१२ पासून प्रत्येक नव्या मोटार-टायरबरोबर रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांची श्रेणी दाखविणारे पत्रक देणे बंधनकारक आहे. मे २०२१ पासून त्याची सुधारित आवृत्ती लागू झाली. त्यात रोधाची आणि पकडीची प्रतवारी 'ए'पासून 'ई'पर्यंत असते. झिजेचे मोजमाप त्यात अद्याप नाही, ही मोठीच उणीव; पण २०२४ साली संमत झालेल्या 'युरो-७' नियमांत टायरच्या झिजेवर प्रथमच मर्यादा घालण्याचे ठरले. झिजलेले रबर नाहीसे होत नाही. ते सूक्ष्म कणांच्या रूपाने हवेत, गटारांत आणि नद्यांत जाते. धूर न सोडणारी गाडीही या कणांपासून मुक्त नाही, याची जाणीव त्या निर्णयामागे आहे.

आपल्याकडेही काहीच झाले नाही असे नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ च्या अधिसूचनेने रोध, ओली पकड आणि आवाज यांबाबतची किमान मानके टायरांना लागू केली. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने फ्रिज व वातानुकूलन यंत्रांप्रमाणे टायरांसाठीही तारांकनाची योजना ऐच्छिक स्वरूपात सुरू केली. परंतु किमान मानक म्हणजे उत्तीर्ण होण्यापुरते गुण. परीक्षेत ३५ मिळाले की ९०, हे गुणपत्रिकेवर लिहिलेच नाही, तर हुशार विद्यार्थ्याला अभ्यास करण्याचे प्रयोजन उरत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

करांचा प्रश्नही विचारात घेण्याजोगा आहे. विजेच्या मोटारीवरील वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. पण त्याच मोटारीच्या टायरवर सप्टेंबर २०२५ पर्यंत चैनीच्या वस्तूप्रमाणे २८ टक्के कर होता. लेखकाने २०२४ साली मोजलेल्या ३६ हजारांत सुमारे ७,९०० रुपये निव्वळ कराचे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर १८ टक्के झाला, हे योग्यच झाले. झिजलेला टायर वेळेवर बदलणे ही चैन नसून सार्वजनिक सुरक्षिततेची बाब आहे.

काय करता येईल?

शासनाने दोन गोष्टी कराव्यात. पहिली, रोध, ओली पकड आणि अपेक्षित आयुष्य या तिन्हींची श्रेणी टायरच्या विक्रीच्या ठिकाणी दाखविणे सक्तीचे करावे. दुसरी, मोटार-कंपनी जेथे प्रमाणित किलोमीटरांचा आकडा छापते, तेथेच तो कोणत्या टायरवर मिळाला आणि त्या टायरची श्रेणी काय, हे छापण्याचे बंधन घालावे. या दोहोंसाठी सरकारी तिजोरीतून फारसा पैसा लागत नाही. लागते ती इच्छा.

तोपर्यंत ग्राहकाने आपल्यापुरती दक्षता घ्यावी. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पत्रिकेत टायरचे माप, भारांक आणि हवेचा दाब दिलेला असतो. भारांक म्हणजे एका टायरने पेलावयाचे वजन. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो. त्याहून कमी भारांकाचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. उलट टायरवर 'ईव्ही' ही अक्षरे नसली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. भारांक, वेगमर्यादा आणि पकड योग्य असेल तर साधा टायरही चालतो. बाजूवरील चार अंकांतून तो कोणत्या वर्षी व कितव्या आठवड्यात तयार झाला ते कळते. आठ-दहा हजार किलोमीटरनंतर पुढची-मागची चाके अदलाबदल करावीत. खाचांची खोली १.६ मिलिमीटर ही कायद्याची अखेरची सीमा आहे. पावसाळ्यापूर्वी तिच्या बऱ्याच अलीकडे थांबावे.

आणि शेवटी, कारकून असो वा प्राध्यापक, पगारदाराने एक जुनी सवय नव्याने अंगी बाणवावी. कारखानदार आपल्या यंत्रांसाठी घसारा निधी बाजूला ठेवतो. आपणही किलोमीटरला एक रुपया या हिशेबाने दरमहा हजार-अकराशे रुपये टायरसाठी वेगळे ठेवावेत. मग तो दिवस उगवेल तेव्हा "आणखी एक पावसाळा काढू" असे म्हणण्याची पाळी येणार नाही.

हल्ली कोणी "किलोमीटरला खर्च किती?" असे विचारले, तर प्रस्तुत लेखक अडीच रुपये असे सांगतो. मित्राचा चेहरा आता पूर्वीइतका उतरत नाही. पण उत्तर पुरे असते.